आरंभशूरांचा संक्षिप्त इतिहास

आमच्या घरात आज घटकेला एक लढाऊ विमान, एक रणगाडा, एक शिडाचं जहाज आणि एक वाफेचं इंजिन आहे. घाटनांदूरसारख्या गावात एवढी मालमत्ता फार थोड्यांकडे असेल. पण कुणी हेवा करू नये. विमानाला एकच पंख आहे. रणगाड्याला तोफ नाही. जहाजाच्या डोलकाठ्या कान तुटलेल्या कपात उभ्या आहेत आणि इंजिनाची दहा चाकं बडीशेपेच्या डबीत आहेत. परवा आमच्या सौभाग्यवतींनी पाहुण्यांपुढे ती डबी धरली होती. पाहुणे सभ्य निघाले. त्यांनी "मी बडीशेप खात नाही" एवढंच सांगितलं.

ज्यांना हा नाद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. बाजारात खऱ्या विमानांच्या, जहाजांच्या छोट्या प्रतिकृती सुट्या भागांत मिळतात. खोक्यावर ढगांतून झेप घेणाऱ्या विमानाचं झकास चित्र असतं. खोकं उघडलं की आत प्लास्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांना कैऱ्यांसारखे लटकलेले शंभर-दीडशे तुकडे. ते एकेक कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शेवटी खोक्यावरच्या चित्रासारखं काहीतरी तयार होतं म्हणतात. मी अजून पाहिलेलं नाही.

एक संपवून मग दुसरं का घेत नाही, असं मला घरात रोज विचारलं जातं. त्याला शास्त्रीय उत्तर आहे. हा डिंक साधा नव्हे. तो प्लास्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव करतो. तो जोड घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. सांध्यातली फट लांबीने बुजवली की ती वाळू द्यायची. तेलरंगाचा एक हात दिला की निदान एक दिवस गप्प बसायचं. आता गृहस्थाने एक दिवस गप्प कसं बसावं? म्हणून तो दुसरं खोकं उघडतो. दुसऱ्याचा रंग वाळेस्तोवर तिसरं. चौथं उघडेपर्यंत पहिलं वाळून वर्ष झालेलं असतं, पण तोवर त्याचा एक पंख हरवलेला असतो.

भर्तृहरीने माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत. विघ्नाच्या भीतीने काम सुरूच न करणारे नीच. सुरू करून विघ्न येताच सोडणारे मध्यम. आणि कितीही विघ्नं आली तरी न सोडणारे उत्तम. विघ्न आलं की दुसरं काम सुरू करणारा चौथा प्रकार त्याच्या ध्यानात आला नाही. बहुधा त्याच्या काळी डिंक लवकर वाळत असावा.

माझ्या या प्रकरणात एकच माणूस गंभीर आहे, आमचे अण्णा. अण्णांची सारी नोकरी रेल्वेत गेली. घाटनांदूर हे परळी-विकाराबाद मार्गावरचं स्टेशन. गाडीच्या शिट्टीवर चहा टाकणारं आमचं घर. तीन वर्षांपूर्वी परदेशातल्या भाच्याने 'इव्हिनिंग स्टार' नावाच्या इंजिनाचं खोकं पाठवलं तेव्हा अण्णांनी ते मांडीवर घेऊन चित्र अर्धा तास पाहिलं. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं हे शेवटचं वाफेचं इंजिन, स्विंडनच्या कारखान्यातून १९६० साली बाहेर पडलेलं. अण्णा म्हणाले, "आपल्याकडं चित्तरंजनला १९७० साली ब्रॉडगेजचं शेवटचं झालं, त्याचं नाव 'अंतिम सितारा'. डब्ल्यूजी. त्याला मोठी चाकं आठ. ह्याला किती?" मी म्हटलं, दहा. "बघू मग," अण्णा म्हणाले, "जोडलं की दाखव."

त्याच वर्षी अण्णांच्या डोळ्यांना काचबिंदू झाल्याचं कळलं. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर टिकवू, गेलेली परत यायची नाही. तेव्हापासून अण्णा ओसरीवरून रोज संध्याकाळी विचारतात, "काय करायलास रे? इंजन कुठवर आलं?" आणि मी सांगतो, "परळी सोडलंय, अण्णा." परळीहून घाटनांदूरला यायला गाडीला जितका वेळ लागतो त्याला तीन वर्षं म्हणत नाहीत, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ते फक्त "बरं" म्हणतात.

या "बरं"पासून पळ काढण्यासाठी मी इतिहासात शिरलो. अपराधी माणसाला इतिहास फार जवळचा वाटतो. तिथे आपल्याहून मोठे अपराधी भेटतात.

प्रथम खोक्यांचाच इतिहास पाहिला. १९३६ साली इंग्लंडात 'फ्रॉग पेंग्विन' नावाने प्लास्टिकचे पहिले विमानसंच निघाले. प्रमाण बहात्तरास एक, म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच. पुढे महायुद्ध आलं आणि खेळण्याला नोकरी लागली. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून बहात्तरास एक प्रमाणातली पाच लाख लाकडी विमानं मागवली. सैनिकांना आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे ओळखायला शिकवण्यासाठी. पस्तीस फुटांवर धरलेलं तसलं विमान डोळ्याला अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. पस्तीस गुणिले बहात्तर; गणित मी स्वतः करून पाहिलं. त्या पोरांची विमानं पुरी झाली, कारण पलीकडे कुणीतरी वाट पाहत होतं.

एअरफिक्स ही कंपनी निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली काढली. आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग चक्क कंगवे. कंगवे ओतायच्या यंत्रातून पुढे ट्रॅक्टरची प्रतिकृती निघाली, १९५२ साली 'गोल्डन हाइंड' जहाज दोन शिलिंगांना निघालं आणि १९५३ साली स्पिटफायर विमान. जपानची तामिया मुळात लाकडाची वखार. म्हणजे या धंद्यातली थोर मंडळीसुद्धा एक सोडून दुसरं धरणारीच. मला धीर आला. पण बारकाईने पाहिलं तर त्यांनी कंगवे पुरे करून विकले होते. धीर सुटला.

मग म्हटलं, परक्यांत कशाला जा. आपल्या मातीत पाहू. आमचा तालुका अंबाजोगाई. तिथल्या योगेश्वरीची कथा मराठवाड्यात पोरासोरांना ठाऊक आहे. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड कोकणातून निघालं, अंबाजोगाईपर्यंत आलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे झाले दगड. हत्तीखान्यातल्या लेण्यांत ते हत्ती आजही उभे आहेत, असं सांगतात. देवी कुमारिकाच राहिली. पुढ्यात परळी, हातात वरमाला आणि कार्य अर्धवट! इतिहासकार त्या लेण्यांना यादव-पूर्वकाळातली शिल्पं म्हणतील. मला मात्र त्या दगडी हत्तींकडे पाहिलं की आमच्या टेबलावरचा रणगाडा आठवतो. मुहूर्त टळला की वस्तूचा दगड होतो.

आणि अजिंठा! आपण तिथे जातो ते पद्मपाणी पाहायला. मी गेल्या वेळी चोवीस नंबरच्या लेण्यापुढे बसून राहिलो. केवढा थोरला विहार योजला होता त्यांनी. पण बरेच खांब अजून दगडातच अडकलेले, छिन्नीचे घाव जिथल्या तिथे. पाच, चौदा, एकोणतीस ही लेणीही तशीच अर्धवट. वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात पाचव्या शतकात तिथे एकाच वेळी पुष्कळ लेण्यांची कामं चालू होती. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने सारं आयुष्य अजिंठ्याला दिलं. त्यांचं म्हणणं असं की ४७७च्या सुमारास हरिषेण वारला, राज्य डळमळलं आणि लेण्यांच्या यजमानांची धांदल उडाली. ओसरी राहो, खांब राहोत, गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती तेवढी पुरी करा, असा घाईचा काळ आला. नाहीतर पुण्य पदरात पडायचं नाही. सगळे अभ्यासक या तारखांशी सहमत नाहीत. पण मला ते यजमान अगदी शेजारचे वाटले. इतके दिवस नक्षीत रमलेले, आणि एके सकाळी कळतं की वेळ संपत आली.

बीड जिल्ह्याची रेल्वेही याच कुळातली. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला तो १९९५च्या सुमारास. अहमदनगरहून आष्टीला गाडी आली २०२२ साली. बीड शहराने पहिली गाडी पाहिली ती १७ सप्टेंबर २०२५ला. तोवर अहमदनगरचं नाव बदलून अहिल्यानगर झालं होतं. अण्णांना बातमी वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आली ना? मग झालं." थोडं थांबून म्हणाले, "आपलं कुठवर आलं?"

आता मात्र पुरं करणाऱ्यांचा इतिहास पाहणं भाग होतं. तोही फार लांब नव्हता. १५५१ साली जन्मलेले दासोपंत अंबाजोगाईलाच राहिले. त्यांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा म्हणतात. कागद अपुरा वाटला म्हणून की काय, त्यांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. रोज एका ढबूची शाई घ्यायची आणि ती संपेपर्यंत लिहायचं, असा त्यांचा नेम सांगतात. प्रेरणा, मूड, वातावरण, डिंक. कशाचंही नाव नाही. ढबूची शाई.

दुसरा धडा औरंगाबादेने, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरने दिला. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली वारली. तिच्यासाठी बांधलेला बीबी का मकबरा ताजमहालाची प्रतिकृती म्हणून हिणवला जातो. शिल्पकार अताउल्ला हा ताज उभारणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचाच मुलगा. पण ताजला लागले तीन कोटींच्या वर, आणि याला, जुन्या तारीखनाम्याप्रमाणे, सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे. सात आणे सोडले नाहीत! तेव्हा अताउल्लाने काय केलं? कमरेइतका संगमरवर लावला, वर घुमटाला लावला आणि मधल्या भागात काळ्या दगडावर सफाईदार चुन्याचा गिलावा दिला. लोक तीनशे वर्षं त्या गिलाव्यावर हसत आहेत. पण हसायला तिथे मकबरा उभा आहे.

मी तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त धरला. पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीतल्या शेणाच्या गवळणी दरवर्षी पुऱ्या होतात, त्या सणाला थांबवता येत नाही म्हणून. विमान, रणगाडा आणि जहाज माळ्यावर गेले. रोज रात्री बाटलीच्या टोपणात ढबूभर रंग घ्यायचा आणि तो संपल्याशिवाय उठायचं नाही, असा नेम केला. इंजिनाच्या पोटाखालच्या बारीक नळ्या सरळ वगळल्या. ड्रायव्हरच्या केबिनमधलं एक मीटर सापडेना, तिथे काळा ठिपका दिला. चुन्याचा गिलावा! बडीशेपेच्या डबीतून दहाही चाकं निघाली. त्यातल्या दोघांना अजून वास होता.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी अण्णा ओसरीवर बसले होते. विचारायच्या आधीच मी म्हटलं, "अण्णा, गाडी आली."

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. इंजिन तोंडाजवळ नेलं, उजेडाकडे वळवलं, पुन्हा वळवलं. मग पाहणं सोडून दिलं आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. धुराडं, बॉयलर, केबिन. नंतर एका बाजूची मोठी चाकं: एक, दोन, तीन, चार, पाच. दुसरी बाजू: एक, दोन, तीन, चार, पाच. बोट चाकं जोडणाऱ्या दांडीवर थांबलं.

"हे उलटं बसवलंस," अण्णा म्हणाले.

मी गप्प. चुन्याचा गिलावा एक वेळ नजरेला फसवील, बोटांना कसा फसवणार?

"राहू दे," ते म्हणाले. "चालेल." इंजिन त्यांनी मांडीवर ठेवलं आणि वरून धोतराचा सोगा घेतला, जसं काही त्याला थंडी वाजणार होती. "तीन वर्षं लेट आली. कारण काय लिहायचं?"

"डिंक वाळत होता, अण्णा."

"बरं," अण्णा म्हणाले. पण हे "बरं" निराळं होतं. आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, माळ्यावरनं विमान पडलं!" आणि अण्णांनी कान टवकारून विचारलं, "त्याला पंख किती?"