दोन मतांचा ठाणे मतदारसंघ

आपल्या स्मरणिकेतून समाजाच्या शाळा, वसतिगृहे, विवाहपद्धती इत्यादी विषयांवर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्या मतपेटीच्या द्वारे आपला समाज स्वतंत्र भारताच्या राज्यकारभारात सहभागी झाला, तिचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. धसई, मुरबाड आणि शहापूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या टापूतील मतदार संसदेच्या पहिल्या दोन निवडणुकांत ज्या मतदारसंघाचे घटक होते, तो मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. त्याची हकीकत सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१९५१-५२ साली लोकसभेच्या ४८९ जागांसाठी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळी देशात ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ३१४ मतदारसंघांतून प्रत्येकी एक, ८६ मतदारसंघांतून प्रत्येकी दोन आणि उत्तर बंगालमधील एका मतदारसंघातून तीन सभासद निवडावयाचे होते. ठाणे हा दोन सभासदांचा मतदारसंघ होता. त्यातील एक जागा सर्वसाधारण, तर दुसरी अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवलेली होती. या दोन जागांसाठी निरनिराळे मतदार मात्र नव्हते. कुणबी असो, आगरी असो, वारली असो वा ठाकूर असो, प्रत्येक मतदाराला दोन मते होती.

मतदानाची रीतही आजच्याहून भिन्न होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असे व तिच्यावर त्याचे निवडणूक-चिन्ह लावलेले असे. मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच मतदाराचे काम असे. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यासही आपला हक्क विनासायास बजावता आला. दोन जागांच्या मतदारसंघात दोन मतपत्रिका मिळत. परंतु दोन्ही मते एकाच उमेदवारास देण्याची मुभा नव्हती. मोजणी झाल्यावर जमातीच्या उमेदवारांत ज्यास सर्वाधिक मते, त्यास प्रथम राखीव जागेवर निवडून आलेला ठरवीत. नंतर उरलेल्या सर्व उमेदवारांत जो आघाडीवर असेल, त्यास दुसरी जागा मिळे.

१९५२ साली ठाण्यातून गोविंद धर्माजी वर्तक आणि अनंत सावळाराम नांदकर हे दोघे काँग्रेसचे उमेदवार विजयी झाले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने वातावरण तापलेले असताना शामराव विष्णु परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा हे दोघे कम्युनिस्ट उमेदवार निवडून आले. परुळेकर व त्यांच्या पत्नी गोदावरीबाई यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. दोन्ही निवडणुकांत दोन्ही जागा एकाच पक्षाकडे गेल्या, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. मत देताना पुष्कळ मतदारांनी स्वतःच्या जातीपुरते न पाहता दोघा उमेदवारांना जोडीने निवडले असले पाहिजे, असेच अनुमान त्यावरून निघते.

या पद्धतीस दोषही होते. मतदारसंघ अवाढव्य असे, प्रचाराचा खर्च वाढे, आणि दोघांपैकी नेमका कोण उत्तरदायी, हे ग्रामस्थांना कळत नसे. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपूरम येथे सर्वसाधारण जागाही जमातीच्या उमेदवारानेच जिंकली व पुढे राष्ट्रपतिपद भूषविणारे व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली तो निकाल कायम केला. सर्वसाधारण जागा म्हणजे बिगर-आदिवासींची जागा नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. अखेर १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले.

त्यानंतर आपल्या जिल्ह्याचे नकाशे वारंवार बदलले. १९६२ साली ठाण्यातून शहापूरचे सोनुभाऊ बसवंत, तर राखीव भिवंडीतून जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे लोकसभेवर गेले. १९६७ साली भिवंडी सर्वसाधारण होऊन तेथून बसवंत, आणि नव्या राखीव डहाणूतून मुकणे निवडून आले. १९७७ च्या निवडणुकीपूर्वी भिवंडी मतदारसंघ नाहीसा झाला. १९८४ साली मुरबाडचे शांताराम घोलप ठाण्याचे खासदार झाले. २००८ च्या पुनर्रचनेत डहाणू मतदारसंघ जाऊन पालघर आला व भिवंडी पुन्हा अवतरला. मुरबाड, शहापूर, भिवंडी ग्रामीण, भिवंडी पूर्व, भिवंडी पश्चिम आणि कल्याण पश्चिम असे त्याचे सहा विधानसभा मतदारसंघ ठरले. ज्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या नावाने एके काळी दोन सभासद निवडले जात, त्याच भूभागातून २००९ पासून ठाणे, कल्याण, भिवंडी व पालघर असे चार खासदार निवडले जाऊ लागले.

शहापूर विधानसभेची जागा राखीव असल्यामुळे आपल्या समाजाचा हक्क डावलला गेला, अशी कुजबुज आपल्या बैठकांतून अधूनमधून ऐकू येते. आम्हांस ती मान्य नाही. राखीव जागेने उमेदवारीस मर्यादा घातली आहे, मताधिकारास नाही. शहापूरच्या कुणबी मतदाराचे मत तेथील ठाकूर वा महादेव कोळी मतदाराच्या मताइतकेच मोलाचे आहे, आणि निवडून आलेला प्रतिनिधी दोघांनाही सारखाच उत्तरदायी आहे. तानसा व भातसा या धरणांचे पाणी मुंबईस जात असता त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ही टंचाई कुणब्याच्या हंड्यास एक आणि कातकऱ्याच्या हंड्यास दुसरी नसते. मग तिच्याविषयी जाब विचारताना आपण वेगवेगळे का उभे राहावे?

२००१ च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांची राज्यवार फेरवाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबविली. तेव्हा सीमा पुन्हा बदलतील, कोठे जागा राखीव होईल, कोठे खुली होईल. त्या वेळी केवळ आपल्या समाजाची संख्या मोजण्यात आपली शक्ती खर्च होऊ नये. पहिल्या दोन निवडणुकांत कायद्याने आपल्या वाडवडिलांच्या हाती दोन मतपत्रिका दिल्या होत्या: एकीने स्वतःचा, तर दुसरीने शेजाऱ्याचा विचार करावा. आज हाती एकच मत उरले आहे. ते देताना दोघांचाही विचार व्हावा, एवढेच आम्हांस ज्ञातिबांधवांच्या सेवेशी नम्रपणे सुचवावयाचे आहे.