परसातल्या पेरूवरची फळमाशी

टार्निटच्या परसात आपण हौसेने पेरू, टोमॅटो लावतो. त्यांना लागणारी क्वीन्सलंड फळमाशी म्हणजे कोकणात आंबे नासवणाऱ्या माशीच्याच कुळातली. मूळची ती पूर्व किनाऱ्यावरच्या, उत्तरेकडच्या वर्षावनांतली, रानफळांवर जगणारी. जंगलांच्या जागी फळबागा आल्या आणि ती दक्षिणेला सरकली.

१८९०च्या दशकात भूमध्यसागरी फळमाशीही ऑस्ट्रेलियात शिरली. पूर्वेकडे स्थानिक माशीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिला हुसकावलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात मात्र ती टिकली.

कोरड्या उन्हाळ्यात पाणी घातलेली बाग आणि सौम्य होणारा हिवाळा, दोन्ही क्वीन्सलंड माशीच्या पथ्यावर पडतात. म्हणून पिकली फळं वेळीच उतरवा, पडलेली उचला. किडकी कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून उन्हात ठेवा. तिची वाट माणसानेच केली. निदान आपल्या परसात तरी ती अडवूया.