लोणारचा प्रश्न: खालून की वरून?

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या फोनवर ते फोटो येऊन धडकले. पाणी आटलं होतं, खारटपणा वाढला होता आणि मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला होता. रंगाचं कोडं लवकर सुटलं. पण मुळात हा खड्डा आला कुठून, हे कोडं सुटायला दीडशे वर्षं लागली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बंद पडलेली सिस्टिम उघडून बघता येत नसेल, तर बाहेर पडलेल्या नोंदींवरून आत काय बिघडलं याचा अंदाज घ्यायचा, हे माझं रोजचं काम. म्हणूनच लोणारच्या काठावर उभं राहिल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो हा, की इतक्या हुशार माणसांचा अंदाज इतकी वर्षं चुकत कसा राहिला?

गावातली कथा सांगते, की लोणासुर जमिनीखालच्या बिळात राहायचा. विष्णूने दैत्यसूदनाचं रूप घेतलं, बिळावरचं झाकण पायाच्या अंगठ्याने उडवलं आणि त्याला मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याच कथेचं. संकट खाली दडलेलं होतं, असं ही कथा मानते. गंमत म्हणजे भूवैज्ञानिकांनीही बराच काळ तेच मानलं.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली. पुढे आलेल्या अभ्यासकांना इथे ज्वालामुखी दिसणं स्वाभाविक होतं. सुमारे १.८ किलोमीटर रुंद, दीडशे मीटर खोल, जवळजवळ गोल खड्डा, आणि तोही बेसॉल्टमध्ये. आपल्या दख्खनचा हा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या प्रावरणातून वर आलेला लाव्हाच. जिथे दगडच आतून आलाय, तिथे खड्डा बाहेरून आला असेल असं कुणाला वाटेल?

नेमकं याच काळात पृथ्वीच्या आत काय आहे, याचा शोध वेग घेत होता. हेन्री कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या प्रयोगापासून एवढं माहीत होतं, की पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साधारण साडेपाचपट आहे. पण पायाखालचे दगड पाण्याच्या जेमतेम तिप्पट जड. म्हणजे आत खोलवर काहीतरी फारच जड असणार. काय? याचं उत्तर जर्मनीच्या एमिल विशर्टने १८९६-९७ च्या सुमारास सुचवलं: लोखंड. त्याच्या हाताशी असलेला एक पुरावा आकाशातून पडलेला होता. काही अशनी दगडाचे असतात, काही लोखंड आणि निकेलचे. पृथ्वीही तशाच मालापासून बनली असेल, तर जड लोखंड गाभ्यात आणि हलका दगड वर, असा हिशोब जुळत होता.

१२ जून १८९७ ला आसाम-मेघालयात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या रिचर्ड ओल्डहॅमने त्याचा अभ्यास केला. युरोपातल्या यंत्रांवर उमटलेल्या नोंदींमध्ये त्याला वेगवेगळ्या गतीने धावणाऱ्या लहरी ओळखता आल्या. पुढे १९०६ मध्ये त्याने दाखवलं, की पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला पोचणाऱ्या लहरींना अपेक्षेपेक्षा उशीर होतो. वाटेत काहीतरी निराळं आहे. तो होता गाभा. गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटरवर आहे, हे बेनो गुटेनबर्गने १९१४ पर्यंत काढलं. गाभ्याच्या आत आणखी एक आंतर-गाभा आहे, हे इंगे लेमनने १९३६ मध्ये. यांपैकी कुणीही खाली उतरलं नव्हतं. सगळं काम नोंदी वाचूनच झालं.

शिलाँगमध्ये त्या भूकंपाची पाहणी करणारा ओल्डहॅमचा एक सहकारी होता टॉम ला टूश. हाच ला टूश पुढे लोणारलाही आला. क्रिस्टी या सहकाऱ्यासोबत त्याने सरोवराचा आणि त्यातल्या क्षारांचा अभ्यास केला, तो १९१२ च्या सुमारास छापून आला. खड्ड्याचं कारण त्यानेही जमिनीखालीच शोधलं.

अमेरिकेत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टचं असंच झालं होतं. ॲरिझोनातल्या खड्ड्याभोवती लोखंडी अशनींचे तुकडे पडलेले असताना त्याने चुंबकीय मोजणी केली. खाली लोखंडाचा मोठा गोळा सापडला नाही, म्हणून वाफेच्या स्फोटाचा निष्कर्ष काढला आणि १८९६ च्या लेखात त्याला जोड म्हणून लोणारचा दाखला दिला. प्रचंड वेगाने आदळणारी अशनी स्वतःच वितळते, वाफ होऊन उडून जाते, हे तेव्हा उमगलेलं नव्हतं. गोळा सापडत नाही म्हणजे टक्कर झालीच नाही, ही ती चूक. लोणारलाही तीच भोवली.

१९६४ मध्ये ई. सी. लाफॉन्ड आणि रॉबर्ट डिट्झ यांनी लोणार अशनीचा खड्डा असावा, अशी शंका जाहीरपणे मांडली. समुद्रतळ पसरतो ही कल्पना नावारूपाला आणणारा डिट्झ तो हाच. मग सरोवराच्या तळाशी बोअर घेतले गेले. गाळाच्या जाड थराखाली चुरा होऊन पुन्हा घट्ट झालेला बेसॉल्ट लागला, आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार या खनिजाला जबरदस्त धक्का बसला की ते न वितळताच काचेसारखं होतं, तेच हे. त्यासाठी वातावरणाच्या दाबाच्या लाखो पट दाब लागतो. ज्वालामुखीच्या स्फोटात तो मिळत नाही. हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला गेला तोसुद्धा भारतात पडलेल्या अशनीत: १८६५ मध्ये बिहारमध्ये शेरघाटीला पडलेल्या.

१९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. लोणार हा बेसॉल्टमधला आघात-खड्डा ठरला. चंद्रावरचे काळे डागही बेसॉल्टचेच, त्यामुळे तिथले खड्डे समजून घ्यायला जगाला बुलढाणा जिल्ह्यातला नमुना मिळाला.

तरी तपास बंद झालेला नाही. एका पद्धतीने खड्ड्याचं वय सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. आणि खालच्या जगाचं म्हणाल, तर माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक, रशियातलं कोला, १२,२६२ मीटरचं आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. साल टोचून आपण फळाबद्दल बोलतोय.

हे कुतूहल रिकामटेकडं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, हजारो माणसं गेली, तेव्हा दख्खन स्थिर आहे हा भरवसा मोडला. भूकंपाचं मूळ बेसॉल्टच्या थरांनी झाकलेल्या जुन्या खडकात होतं. म्हणून आज कोयनेच्या परिसरात तीन किलोमीटर खोल बोअर घेऊन शास्त्रज्ञ त्या झाकणाखाली बघतायत.

लोणारच्या काठावरून उतरताना मी पायवाटेवरचा एक काळा दगड उचलला आणि परत जागेवर ठेवला. दगड आतून आलेला, खड्डा वरून. दोन्ही गोष्टी एकाच जागी खऱ्या असू शकतात, एवढं कळायला दीडशे वर्षं लागली.