ठाणे ते झैतून : चौदाव्या शतकातील एका ख्रिस्ती दुव्याचा विचार

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास सामान्यतः पोर्तुगीज राजवटीपासून सांगितला जातो. वस्तुतः त्यापूर्वी दोन शतके या बंदराचा संबंध चीनमधील चर्चशी आला होता. स्थानिक इतिहासलेखनात तो क्वचितच तपशिलाने येतो.

इ. स. १३०७ मध्ये पोपने माँटेकोर्विनोचे जॉन यांस खानबालिकचे, म्हणजे आजच्या बीजिंगचे, आर्चबिशप नेमले. जॉन यांच्या कार्याची वार्ता युरोपात पोहोचविणारे टॉलेंटिनोचे थॉमस पुढे स्वतःच तीन फ्रान्सिस्कन सहकाऱ्यांसह चीनकडे निघाले. होर्मुझहून ते कोल्लमला जाणार होते. जहाज मात्र ठाण्यास आले. येथे नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि त्यांपैकी एकात हे चौघे उतरले. त्या घरात पतीने पत्नीस मारहाण केली. तिने काजीकडे दाद मागितली, या साधूंना साक्षीदार म्हणून पुढे केले आणि चौकशीचे पर्यवसान धर्मवादात झाले. एप्रिल १३२१ मध्ये चौघांचाही वध झाला. जॉर्डानस या डोमिनिकन साधूने त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले.

ही हकिकत प्रामुख्याने पोर्देनोनेचे ओडोरिक यांच्या वृत्तांतातून कळते. त्यांनी ती १३३० मध्ये पादुआ येथे तोंडी सांगून लिहवून घेतली. त्यात चमत्कारांची रेलचेल आहे आणि काजीची बाजू अर्थातच नाही. म्हणून तिचा उपयोग जपून करावा लागतो. तथापि घरगुती भांडणाचा तपशील हुतात्म्यांच्या गौरवास काहीच हातभार लावीत नाही. म्हणूनच तो अधिक विश्वसनीय वाटतो. मारहाणीविरुद्ध न्यायासनापुढे गेलेल्या त्या ठाणेकर स्त्रीकडे अभ्यासकांचे लक्ष जावयास हवे होते.

ओडोरिक यांनी सोपाऱ्याहून अस्थी उचलल्या आणि समुद्रमार्गे चीनच्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौ येथे, फ्रान्सिस्कन मठात नेऊन ठेवल्या. वाटेत वारा पडला तेव्हा एक अस्थी समुद्रात टाकताच वारा सुटला, असे ते सांगतात.

तेथील चर्च कितपत चिनी होते? झैतूनचे मुख्य चर्च एका श्रीमंत आर्मेनियन स्त्रीने बांधले होते. तेथील बिशप पेरुजाचे अँड्र्यू १३२६ च्या पत्रात लिहितात की, मूर्तिपूजकांपैकी पुष्कळजण बाप्तिस्मा घेतात, परंतु त्यांचे आचरण ख्रिस्ती राहत नाही. त्यांच्या या तक्रारीतूनच स्थानिक श्रद्धावंतांचे अस्तित्व सिद्ध होते. त्याच पत्रात भारतात मारल्या गेलेल्या चार बंधूंचाही उल्लेख आहे. मंगोल सत्ता १३६८ मध्ये संपली आणि ही मंडळीही लयास गेली. अँड्र्यू यांची लॅटिन लेख असलेली समाधिशिला च्वानचौ येथे १९४६ मध्ये सापडली.