धूम्रपान आणि शेजाऱ्याची संमति

तंबाखूचें व्यसन या देशांत फार पुरातन नव्हे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती येथें आली. विजापूरच्या दरबारांतून परतलेल्या असदबेगानें ती अकबर बादशहापुढें ठेविली, तेव्हां हकिमानें नको म्हटलें असतांहि बादशहानें दोनतीन झुरके घेऊन पाहिले. त्याचा पुत्र जहांगीर यानें १६१७ सालीं तंबाखूस मनाई केली. प्रजेच्या प्रकृतीस ती बाधते, हें त्याचें कारण. फर्मान निघालें, पण हुक्के विझले नाहींत.

या मनाईंत विचार होता तो ओढणाराचा. शेजारीं बसलेल्या मनुष्याचा विचार हिंदुस्थानच्या कायद्यांत स्पष्टपणें आला तो आगगाडीमुळें. चावडीवर किंवा शेताच्या बांधावर चिलीम ओढली, तर धूर वाऱ्यावर जातो आणि ज्याला तो नको असेल त्याला उठून जातां येतें. आगगाडीच्या डब्यांत तसें नाहीं. तेथें परस्परांस न ओळखणारीं माणसें तासन् तास एकाच हवेंत बसतात. म्हणून १८९० च्या रेल्वे कायद्याच्या ११० व्या कलमानें असें ठरविलें कीं, धूम्रपानासाठीं मुद्दाम राखलेल्या डब्याखेरीज अन्यत्र, सहप्रवाशांच्या संमतीवांचून जो ओढील, त्यास वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. आणि बजावूनहि तो न थांबल्यास रेल्वेच्या नोकरानें त्यास डब्यांतून उतरवावें. त्या काळीं वीस रुपये ही लहान रक्कम नव्हती.

जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९८९ सालीं, नवा रेल्वे कायदा झाला. त्याच्या १६७ व्या कलमांत शब्द बदलले. दुसऱ्या प्रवाशानें हरकत घेतल्यास ओढूं नये, असें त्यांत म्हटलें आहे. दंड शंभर रुपयांपर्यंत. संपूर्ण गाडींत किंवा तिच्या एखाद्या भागांत मनाई करण्याचा अधिकार रेल्वेस दिला, हें खरें. तथापि मूळ नियमांतील फरक लहान नाहीं. पूर्वीं ओढणारानें विचारावयाचें होतें. आतां न ओढणारानें बोलावयाचें आलें. दम्यानें कासावीस झालेला म्हातारा किंवा कडेवर मूल घेतलेली बाई अनोळखी पुरुषाशीं हुज्जत घालील, ही अपेक्षा कितपत रास्त म्हणावी?

हा भार दुबळ्यावरून काढण्याचें श्रेय एका मुंबईकरास आहे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. २ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें रुग्णालयें, शाळा, वाचनालयें, न्यायालयें, सार्वजनिक कचेऱ्या आणि रेल्वेसुद्धां सार्वजनिक वाहनें यांत धूम्रपान बंद करण्याची आज्ञा दिली. जो ओढीत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या धुरानें आपलें आयुष्य कां गमवावें, हा त्या निर्णयाचा गाभा. पुढें २००३ सालीं संसदेनें कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम अमलांत आले. दंड दोनशे रुपयांपर्यंत ठेविला, आणि शेजाऱ्याच्या संमतीचा प्रश्नच उरला नाहीं.

रेल्वेचा नियम रुळांपुरता होता. भोर तालुक्यांतील हिर्डोशी हें गांव वरंध घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचें. त्याच्या वाट्याला आगगाडी कधींच आली नाहीं, आणि १९४८ पर्यंत हा मुलूख पंतसचिवांच्या संस्थानांत होता. नवा कायदा मात्र घाट चढणाऱ्या एस्. टी.च्या गाडींत लागू आहे, आणि शाळेच्या खोलींतहि. शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकण्यास तो बंदीच करतो.

अशा गांवीं कायदा राखावयाचा कोणीं? पोलीस क्वचितच दिसावयाचा. म्हणूनच २००८ च्या नियमांनीं दंड करण्याचा अधिकार स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर व शाळेचे मुख्याध्यापक यांनाहि दिला. आणि तक्रार येऊनहि जो जागेचा प्रमुख स्वस्थ बसेल, त्यालाच दंडास पात्र ठरविलें. परंतु ज्या गांवांत सर्व एकमेकांस ओळखतात, तेथें मास्तरानें पाटलाच्या वडीलधाऱ्या चुलत्यास पावती फाडून देणें सोपें नाहीं. जहांगीराच्या फर्मानास जें साधलें नाहीं, तें दोनशे रुपयांच्या पावतीनें एकटीनें साधेल असें नाहीं. मास्तरानें नम्रपणें म्हटलेलें "बाबा, येथें नको" हें वाक्य बाजूच्या चार माणसांनीं उचलून धरलें, तरच हा कायदा हिर्डोशीपर्यंत पोहोंचला असें म्हणतां येईल.