जुना ट्रॅक्टर आणि कांदिवलीची गोष्ट

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय निघाला आणि दोन तास झाले तरी मिटेना. गटातल्या एका काकूंच्या दारात छोटा ट्रॅक्टर उभा होता, 17 वर्षांचा, द्राक्षबागेत चालणारा. काका गेले तेव्हापासून तो लिंबाखाली उभाच. भंगारवाला 45 हजार द्यायला तयार होता. मिस्त्री म्हणत होता, 70 हजार घाला, चालू करून देतो. काकूंचे दीर म्हणत होते, विकून मोकळी हो. आणि काकू म्हणाल्या, "गटानं मला कर्ज द्यावं. मी भाड्यानं चालवीन आणि फेडीन."

निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या नाही. पैसे सगळ्यांचे होते, दर महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेले. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. ऑइल वेळेवर बदललं गेलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी मला माझं माहेर आठवलं. माझं माहेर कांदिवली. मुंबईच्या लोकलनं अंधेरीहून बोरिवलीकडे निघालं की बोरिवलीच्या अलीकडचं स्टेशन. तुम्ही म्हणाल, मुंबईत कसला आलाय ट्रॅक्टर? पण कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यावर ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आहे. आपल्या गावोगावच्या शेतात फिरलेले कितीतरी ट्रॅक्टर तिथून निघालेले आहेत. त्या कारखान्याची गोष्ट आज सांगते, कारण काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच सापडलं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या देशात ट्रॅक्टर बनत नव्हते. जे होते ते परदेशातून आलेले. एखादा गिअर तुटला की तोही बोटीनं यायचा. त्याला परकीय चलन लागायचं आणि देशाकडे नेमकी त्याचीच टंचाई. म्हणजे यंत्र धडधाकट, पण एका भागासाठी वर्षभर उभं. 1959 नंतर देशात कारखाने सुरू होऊ लागले, तरी 1961-62 या वर्षात साऱ्या देशात मिळून जेमतेम 880 ट्रॅक्टर तयार झाले.

कांदिवली तेव्हा आजच्यासारखी नव्हती. 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली, तेव्हा ती शहरात आली. अशा या नव्या उपनगरात 1963 मध्ये एक कंपनी उभी राहिली, इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया. त्यात तीन भागीदार होते: आपली महिंद्रा अँड महिंद्रा, अमेरिकेतल्या शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर, आणि व्होल्टास. त्यांनी जो ट्रॅक्टर बनवायला घेतला त्याचं नाव बी-275.

हा बी-275 मूळचा विलायतेचा. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड नावाच्या गावी इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कारखाना होता, तिथला. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, 35 हॉर्सपॉवरच्या आसपास ताकद, आठ गिअर पुढचे आणि दोन मागचे. दिसायला साधा, उघडायला सोपा. म्हणजे माहेर इंग्लंडचं आणि सासर कांदिवलीचं.

त्या काळात ट्रॅक्टर मागितला आणि मिळाला असं नव्हतं. हरितक्रांती सुरू झाली होती, मागणी फार आणि माल थोडा. बुकिंग करून थांबावं लागे. सरकारनं 1968 मध्ये ट्रॅक्टर कारखान्यांवरची परवान्याची अट काढली ती यासाठीच. नवा लवकर मिळत नाही म्हटल्यावर जुना कोण टाकून देईल? लोक दुरुस्त करत राहिले. गावोगावी मिस्त्री तयार झाले, तालुक्याच्या ठिकाणी सुट्या भागांची दुकानं आली. 1977 मध्ये ही कंपनी महिंद्रा अँड महिंद्रामध्ये विलीन झाली.

आता गंमत बघा. 1979 च्या अखेरीस अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये मोठा संप झाला, कंपनी कर्जात बुडाली आणि 1985 मध्ये तिचा शेतीयंत्रांचा धंदा दुसऱ्याला विकला गेला. तिचा इंग्लंडमधला डोंकास्टरचा कारखानाही हात बदलत बदलत 2007 मध्ये कायमचा बंद पडला. माहेर संपलं. पण सासरी 275 नांदत राहिली! तो आकडा आजही महिंद्राच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दिसतो.

मैत्रिणींनो, जुन्या यंत्राचं आयुष्य लोखंडावर जेवढं ठरतं, तेवढंच त्याचं कूळ जिवंत आहे का यावर ठरतं. त्याचे भाग कोणी बनवतंय का, कोणी विकतंय का, कोणाला ते बसवता येतात का? कूळ जिवंत असेल तर 20 वर्षांचा ट्रॅक्टरही उभा राहतो. कूळ खुंटलं असेल तर दहा वर्षांचाही अडून बसतो.

सरकारी एचएमटीचं उदाहरण घ्या. हरियाणातल्या पिंजोरला 1971 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या मदतीनं 25 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर सुरू झाला. यंत्र दणकट, नाव मोठं. पण 2016 मध्ये केंद्र सरकारनं तो विभाग बंद करायचं ठरवलं. कारखाना बंद झाला की दुसऱ्याच दिवशी दुकानं रिकामी होत नाहीत, पण तेव्हापासून मालकाला आधी दुकानदाराकडे चौकशी करावी लागते आणि मगच इंजिन उघडावं लागतं.

आणि एक सावधगिरी. नाव तेच राहिलं म्हणून आतलं यंत्र तेच असतं असं नाही. पहिल्या बी-275 ला चार सिलिंडर होते, आजच्या 275 डीआयला तीन आहेत. नुसता बॉनेटवरचा आकडा सांगून भाग आणलात तर पैसे वाया जातील. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर कागदावर उतरवून घ्या, तोच दुकानात दाखवा.

छोट्या ट्रॅक्टरचं घराणं वेगळं. जपानात भाताची खाचरं लहान, म्हणून तिथे लहान यंत्रं तयार झाली. बंगळुरूच्या व्हीएसटी कंपनीनं 1967 पासून जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्यानं आधी पॉवर टिलर आणि पुढे छोटे ट्रॅक्टर आपल्याकडे आणले. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत मांडवाखालून जायला असाच बुटका, अरुंद ट्रॅक्टर लागतो. पण मोठ्या ट्रॅक्टरचे भाग जसे कुठेही मिळतात तसे छोट्याचे मिळतीलच असं नाही. म्हणून छोट्याच्या बाबतीत कूळ दुप्पट काळजीनं बघायचं.

तर आम्ही काय केलं ते सांगते.

पहिलं काम कागदांचं. आरसी बुक काकांच्या नावावर होतं. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायला आरटीओचा फॉर्म 31 असतो, सोबत मृत्यूचा दाखला. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तेही राहिलं होतं. बँकेचा बोजा उतरला होता का तेही बघितलं. ट्रॅक्टर काकूंच्या नावावर झाल्याशिवाय कर्ज नाही, असं ठरलं. दीर थोडे रागावले, पण ठरलं ते ठरलं.

दुसरं, चौकशी. काकू आणि दोघी जणी नंबर घेऊन दोन बाजारांत गेल्या. पिस्टन, लायनर, रिंगा, क्लचप्लेट, हायड्रॉलिकचे सील, गिअरबॉक्सचे गिअर, एकेकाचं नाव घेऊन विचारलं. सगळं मिळत होतं. कूळ जिवंत होतं.

तिसरी, तपासणी. मिस्त्रीनं बॅटरी लावून इंजिन सुरू केलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे हवेचा फिल्टर किंवा नोझल बघायचं, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाण्याची शंका. आमच्याकडे निळा होता. ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, म्हणजे गॅस्केट गेलं किंवा त्याहून वाईट, ब्लॉकला तडा. तसं नव्हतं. मग मागं अवजार उचलून इंजिन बंद केलं. ते लगेच खाली बसलं असतं तर हायड्रॉलिकचा खर्च वाढला असता.

चौथा, हिशेब. भंगारची किंमत 45 हजार, दुरुस्ती 70 हजार, न दिसणाऱ्या बिघाडासाठी 15 हजार. एकूण 1 लाख 30 हजार. तसाच चालू ट्रॅक्टर बाजारात 2 लाखांना होता. नवा घ्यायचा तर तीन लाखांच्या पुढे. कृषी विभागाच्या यांत्रिकीकरण योजनेत महिला शेतकऱ्यांना अनुदान आहे, पण त्याला मर्यादा असते, निवड व्हावी लागते आणि हंगाम थांबत नाही. भाड्याचा अंदाज धरला: डिझेल-ऑइल जाऊन महिन्याला 7 हजार, वर्षातले आठ महिने. कर्ज दोन वर्षांत फिटत होतं.

तरी आम्ही सगळे पैसे एकदम दिले नाहीत. आधी 5 हजार, फक्त इंजिन उघडायला. ब्लॉकला तडा निघाला तर तिथेच थांबायचं, ट्रॅक्टर भंगारात. तडा नव्हता. मग बाकीचे दिले. शेवटचं बिल 76 हजार झालं.

त्याच महिन्यात दुसरी एक ताई तिचा ट्रॅक्टर घेऊन आली. इंजिन काकूंच्या ट्रॅक्टरपेक्षा चांगलं होतं, पण गिअरबॉक्सचा एक गिअर तीन बाजार फिरूनही मिळाला नाही. तिला आम्ही नाही म्हणालो. तिला वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. पण ज्याचं कूळ खुंटलं त्यावर गटाचा पैसा लावायचा नाही, हे तेव्हा आम्हाला कळलं होतं.

काकूंचा ट्रॅक्टर आज बागेत चालतोय, हप्ते वेळेवर येतात. ऑइल कधी बदललं, किती तास चालला, हे त्या वहीत लिहितात. काका लिहीत नव्हते.

तुमच्या गावात असा एखादा ट्रॅक्टर झाडाखाली उभा असेल. पुढच्या बैठकीत त्याचा नंबर उतरवून आणा, आणि तो कोणाच्या नावावर आहे तेही विचारा. नमस्कार.