उंदीर, ससे आणि एक रिकामी जागा

नाकाला रुमाल लावू नका, इथले लोक हसतील. दारातून आत शिरलात की पहिला अंगावर येतो तो उंदरांचा वास: ओला भुसा, मूत आणि त्यावर तरंगणारा ईथरचा गोडसर भपका. थोड्या वेळाने नाक आपोआप मुकाट होईल. १९५९ चा जून आहे, आणि तुम्ही अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागात उभे आहात. सदरा पाठीला चिकटलाय ना? मिसिसिपीकाठचा हा दमट उकाडा मुंबईकराला नवा वाटायचा नाही. बाहेरचा कल्ला मात्र नवा असेल. तेरा वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत बसलेले सिकाडा किडे नेमके यंदाच वर आले आहेत. झाडाझाडावर त्यांची गर्दी, आणि किर्रर्र आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

खिशातला मोबाइल विसरा. आज कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर शोधायचा, तर फ्रीजरमधून नखाएवढी कुपी काढतात. तिच्यातली अँटिबॉडी त्या प्रथिनाला अचूक पकडते, प्लेटमधल्या खळग्यांत रंग उमटतो, यंत्र आकडा सांगतं. मज्जातंतूंना जगवणारं, वाढवणारं हे माणसाच्या अंगातलं प्रथिन असं काही तासांत मोजून होतं. इथे तसली कुपी नाही. इथे ती, तिच्या पहिल्या ओबडधोबड रूपात, बनते आहे, आणि तुम्हाला हात लावायचा आहे.

चला, बाह्या सरसावा. पहिलं काम उंदरांच्या जबड्याखालच्या लाळग्रंथी काढण्याचं. नर निवडा; माद्यांपेक्षा त्यांच्या ग्रंथींत हा माल कितीतरी जास्त असतो. लाळेत मज्जातंतूंचं खत कशाला, असं विचारताय? रास्त प्रश्न आहे, पण इथे तो विचारून झालाय. पाइप ओढत, किंचित लंगडत येणारे ते स्टॅन्ली कोहेन. मागून येणारं गावठी कुत्रं त्यांचंच, नाव स्मॉग. मागे एकदा तंतू वाढवणाऱ्या अर्कातली न्यूक्लिक आम्लं तोडायची म्हणून त्यांनी त्यात सापाचं विष घातलं, तर तंतू कमी व्हायच्या ऐवजी दाट झाले. विषातच तो घटक ठासून भरलेला निघाला. मग सापाची विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीचंच भावंड, असा विचार करून गाडी उंदरांच्या तोंडाकडे वळली. तर्क म्हणून हे मला आजही जरा बेफाम वाटतं, पण बरोबर निघालं खरं.

ग्रंथी वाटा, गाळा, थंड खोलीत न्या. तिथे दोन मिनिटं बरं वाटेल, मग बोटं बधिर होतील. काचेच्या नळकांड्यातून थेंब थेंब गळत शुद्ध होत आलेला तो द्रव आता सशांना टोचायचा. नुसता टोचून ससा फारशी दखल घेत नाही. म्हणून त्यात पॅराफिन तेल आणि मेलेले क्षयाचे जंतू घालून सिरिंजने घुसळा, पांढरं घट्ट होईपर्यंत. मनगट दुखलं तरी थांबू नका. काही आठवड्यांनी याच सशाच्या लांब कानातली शीर शोधायची. कान हाताला उबदार लागतो, ससा नाक हलवत राहतो. काढलेलं रक्त गोठू द्या. वर जो पिवळसर द्रव सुटतो तो जपून घ्या. तुमची अँटिबॉडी त्यात पोहते आहे, एकटी नव्हे, सशाच्या रक्तातल्या इतर हजार गोष्टींसकट.

ती काम करते की नाही, हे कसं कळणार? अंडी फोडून. आठेक दिवस उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यातला गर्भ काढा, पाठीच्या कण्यालगतची मज्जापेशींची इवलीशी गाठ सुईने सोडवा, गोठलेल्या रक्तद्रवाच्या थेंबात बसवा, वर लाळग्रंथींचा अर्क घाला आणि रात्रभर उबेत ठेवा. सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. अहाहा! गाठीभोवती चहूकडे तंतूंची प्रभावळ पसरली आहे. आता दुसरी काच बघा, तिच्यात अर्काबरोबर सशाचा द्रवही घातलाय. गाठ तशीच, बोडकी.

तेवढ्यात उंच टाचांचा आवाज येतो. नेटका पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ, इटालियन हेल काढत झरझर इंग्रजी. या रीता लेव्ही-मोंताल्चिनी. युद्धकाळात तोरीनो शहरातल्या घरी, स्वतःच्या झोपायच्या खोलीत, कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग केलेल्या या बाई. तुमच्या रक्ताळलेल्या बाह्यांकडे त्या बघतही नाहीत. हात धरून सरळ दुसऱ्या टेबलाशी नेतात.

तिथे दोन उंदीर आहेत. दोघे जन्मले तेव्हा गुलाबी, आंधळे, दोन ग्रॅमसुद्धा न भरणारे. दुसऱ्याला जन्मल्यापासून रोज सशाचा तो द्रव टोचला होता. आता भिंगाखाली, मानेतली धमनी जिथे दुभंगते तिथे बघा. पहिल्या उंदरात अनुकंपी मज्जासंस्थेची गाठ तांदळाच्या कणीसारखी चमकते. दुसऱ्यात शोधा. नीट शोधा. चिमटा इकडे करा, तिकडे करा, घामाचा थेंब भिंगावर पडू देऊ नका. काही नाही. जिथे गाठ असायची, तिथे नावापुरता ठिपका. पकडायला नेमलेल्या अँटिबॉडीने त्या प्रथिनाला असं धरलं, की त्यावर जगणाऱ्या पेशीच उपाशी गेल्या. रिकामी जागा बघून एवढा आनंद झालेली माणसं तुम्ही क्वचितच पाहिली असतील.

आणि गंमत म्हणजे तोच द्रव टोचलेली भावंडं पिंजऱ्यात खातायत, भुसा उकरतायत, धडपडतायत. पापण्या जराशा ओघळल्यात, एवढंच.

पापण्यांवरून आठवलं, तो पलीकडचा पिंजरा बघून घ्या. तिथल्या पिल्लांना अँटिबॉडी नाही, नुसता लाळग्रंथींचा अर्क मिळालाय. उंदराच्या पिल्लाचे डोळे उघडायला तेराचौदा दिवस लागतात. यांचे सातव्या दिवशीच टकामका उघडे. म्हणजे त्या अर्कात आणखी कुणीतरी लपलंय, ज्याचा मज्जातंतूंशी काही संबंध नाही. कोहेन लवकरच इथली नोकरी सोडून नॅशव्हिलला निघालेत, आणि हा प्रश्न त्यांनी कधीच सामानात भरलाय.